वास न येणारं औषध

पहिली कल्पना मला देवगाव फाट्यावर मिळाली. माहेराहून परत येत होते आणि मानवतची गाडी काही केल्या येईना. थांब्याच्या बाकाखाली पुरुषाच्या नव्याकोऱ्या चपला होत्या, अगदी शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. आसपास अनवाणी माणूस कोणी दिसत नव्हता. चहावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "सकाळपासून हायत, मावशी." मावशी म्हटल्याचा राग आला, पण गाडीत बसल्यावर डोक्यात त्या चपलाच. नवी चप्पल टाकून माणूस जाईल कुठे? मानवत येईपर्यंत माझ्या डोक्यात धान्यबाजारातला एक मेलेला आडत्या तयार होता.

तोवर मी दिवाळी अंकांत कथा लिहायचे. सोशिक सून, डोळ्यांत पाणी, शेवटी सगळे एकत्र जेवायला. मला स्वतःलाच त्यांचा वीट आला होता. आता कोणाला तरी मारायचं होतं.

रहस्यकादंबरी उलटीकडून लिहावी लागते हे मी चार पानं फाडल्यावर शिकले. आधी खुनी ठरवायचा, मग त्याच्या मागे मागे जात त्याच्या खुणा पुसायच्या, आणि वाचकासाठी एखादी तेवढी विसरायची. खुनी म्हणून मी आडत्याचा साडू नेमला. पुतण्याच्या लग्नाची पंगत, सगळं गाव एकच जेवण जेवतंय आणि मरतो फक्त आडत्या. विष त्याच्या मठ्ठ्याच्या ग्लासात. इथपर्यंत छान जमलं. पण मठ्ठा तोंडाला लावताना त्याला वास कसा आला नाही? इथे माझं गाडं रुतलं.

घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं. नवरा मास्तर, त्याला कशातही चुका काढायची सवय. सासूबाईंना माझं लिहिणं म्हणजे विजेची नासाडी वाटे. शिवाय माझा असा समज की गोष्ट सांगून टाकली की ती शिळी होते. म्हणून कॉलेजच्या ऑफिसातून घरी आले की माजघरात बसून लिहायचं आणि कोणी आलं की हात आडवा धरायचा.

एका दुपारी मी मोंढ्यातल्या फवारणीच्या औषधांच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र.

"भाऊजी, ताकात टाकलं तरी वास येणार नाही, असं एखादं औषध असतं का?"

त्याचा बिल फाडणारा हात थांबला. "कामून इचारायलाव, वहिनी?"

"सहजच."

"तसलं काई नसतंय," तो म्हणाला. मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. मला वाटलं, किती अगत्याचा माणूस! मी कोपऱ्यावर वळले असेन नसेन, तोच त्याने माझ्या नवऱ्याला फोन लावला. हे मला फार उशिरा कळलं. आमच्या भागात अशा प्रश्नाचा दुसरा अर्थ कोणी लावत नाही. त्या संध्याकाळपासून आमच्या घराने धरून चाललं की मी जिवाचं काहीतरी बरंवाईट करून घेणार.

त्यांना पुरावेही भरपूर मिळाले, आणि ते मीच पुरवले. कथानक अडलं की माझं जेवणावर लक्ष नसे. आढ्याकडे बघत बसायचे. एकदा जेवताना नवऱ्याला विचारलं, "एखादं माणूस घरातून नाहीसं झालं, तर घरच्यांना किती वेळाने कळतं?" त्याचा घास हातातच राहिला. "लगेच कळतं," तो म्हणाला, आणि इतका रोखून बघायला लागला की मीच खाली मान घातली.

मग घरात चमत्कार सुरू झाले. इतक्या वर्षांत सासूबाईंनी मला कधी चहा करून दिला नव्हता, त्या आता कप घेऊन माजघराच्या दारात उभ्या. "काय लिहायलीस गं माय?" असं मऊ आवाजात विचारायच्या, आणि मी हात आडवा धरला की चेहरा पाडून तिथेच बसून राहायच्या. न्हाणीघराची कडी दुरुस्तीला म्हणून काढली ती परत लागलीच नाही. शेतासाठी आणलेला औषधांचा खोका पडवीतून गेला. नवरा शाळा सुटली की थेट घरी. गंगाखेडहून नणंद आली, "सहज आले" म्हणत, पण पिशवी आठवड्याची.

खोटं कशाला बोलू, आधी मी खूश झाले. आयता चहा, आयती भाजी, कोणी टाकून बोलेना. त्या दिवसांत माझी तीन प्रकरणं झाली. पण मी माजघरातून बाहेर आले की कुजबुज थांबायची. सगळ्यांचे डोळे सुजलेले. तेव्हा माझ्यातला डिटेक्टिव्ह जागा झाला. मी माग काढला, धागे जुळवले आणि निष्कर्षावर आले: नवऱ्याला काहीतरी मोठा आजार आहे आणि माझ्यापासून लपवायलेत. त्याच्या शर्टाचे खिसे तपासले. तो झोपला की श्वास ऐकत पडायचे. माझी भूक खरोखरच मेली, आणि ते बघून ते सगळे आणखी घाबरले.

फुटली ती नणंद. रविवारी सकाळी शेंगा सोलत बसलो होतो. मी एक शेंग हातात धरून कुठेतरी बघत होते, तशी तिने सूपच बाजूला सारलं आणि रडायला लागली.

"वहिनी, तुमच्या मनात काय चाललंय ते एकदा सांगा. तुमाला आमची शपथ हाय."

"माझ्या मनात?" मी म्हटलं. "खून."

तिचं रडणं गपकन थांबलं. नवरा आतून पळत आला. मग मी साडू, मठ्ठा, पंगत, सगळं सांगितलं आणि त्यांनी दुकानातला फोन सांगितला. नवरा भिंतीला टेकून खालीच बसला. आधी मला वाट्टेल तसं बोलला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. "तुम्हाला कसला आजार नाही ना?" मी विचारलं. "होता," तो म्हणाला. "आता न्हाई." मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून, नणंदेसमोरच, हमसून हमसून रडले.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ गेला तवा आमी समदे घरातच होतो. तो जेवंना, बोलंना, समद्यांला दिसायलं होतं. इचारलं तर नसलेलं मनात शिरंल म्हणून कोणी इचारलं न्हाई. आन ह्या खेपेलाबी मी तेच केलं बघ." मग माझी हनुवटी धरून वर उचलली. "आता इचारते. तुज्या जिवाला काई न्हाई न्हं?"

"न्हाई आत्या," मी सासूबाईंना म्हटलं. "मी बरी हाय."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग कर तुला कोणाचा खून करायचाय तो."

त्या आठवड्यात मी कादंबरीचा उत्तरार्ध फाडून टाकला. त्यात बाहेरून आलेला एक हुशार माणूस सगळं शोधून काढत होता, आणि घरातल्या कोणालाच काही दिसलेलं नव्हतं. भरलेल्या घरात असं कधी होतं का? मी आडत्याला एक आई दिली. तिला सगळं दिसलं होतं, साडूची नजर, ग्लासाची अदलाबदल, पण भरल्या मांडवात विचारायची तिची हिंमत झाली नाही. शेवटी ती विचारते तेव्हाच गुन्हा उघडा पडतो. मठ्ठ्याच्या वासाचा प्रश्न मग उरलाच नाही, कारण आडत्याला मी सर्दीने नाक चोंदलेलं माणूस करून टाकलं. इतका सोपा उपाय आधी का सुचला नाही, याचा अजून राग येतो. लिहून संपलं, पुन्हा लिहिलं, प्रकाशकाने एकदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा लिहिलं, आणि छापलं गेलं.

पुस्तकाच्या प्रती घरी आल्या त्या दुपारी मला आनंदापेक्षा रिकामं रिकामं वाटत होतं. मी खोका उघडून नुसती बसले होते. सासूबाई आल्या, दार लोटलं आणि समोर बसल्या.

"पुस्तक तर झालं. आता गप कामून हायस? बरी हायस न्हं?"

"बरी हाय, आत्या," मी म्हटलं. खरंच बरी होते, आणि कोणीतरी विचारतंय याने आणखी बरं वाटलं. मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आन तुमी?"

हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला होता की नाही, कोण जाणे. मी तरी लग्नापासून कधी विचारला नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या भावाबद्दल बोलायला लागल्या. तो विहिरीत सूर कसा मारायचा, शिट्टी कशी वाजवायचा, त्यांच्याच ताटातली भाकर कशी पळवायचा. त्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ऊन उतरेपर्यंत त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते.

मग उठल्या, पाठ सरळ केली आणि म्हणाल्या, "लय बरं वाटलं बघ."