विश्वेशसाठी कुणी उडी मारली नाही

गंगेच्या पुराचं पाणी संकठा घाटाच्या पायऱ्या गिळत वर आलं होतं. विश्वेश एका म्हातारीला नावेतून वर चढवत होता. अंगातलं लाइफ जाकीट काढून त्यानं तिलाच घातलेलं. म्हातारी चढली आणि ह्याचा पाय सटकला.

त्याची थोरली बहीण नंदाताई डबा घेऊन वर उभी होती. तिनं डोळ्यांनी पाहिलं. घाटावर नावाडी मल्लाह एवढे, पाण्यातच वाढलेले, पण एकानंही उडी मारली नाही. लल्लन मल्लाहानं दोर बांधलेला रिकामा कॅन फेकला, ओढला, परत फेकला. विश्वेशचा हात एकदा कॅनला लागला. मग हातच दिसेना.

"मुद्दाम बुडू दिला मेल्यांनी," नंदाताई येईल त्याला सांगत होती.

विश्वेश सरकारी आपत्ती विभागात. नावेत माणसं जास्त दिसली की नाव बंद करायचा. लल्लनची तर ऐन कमाईच्या देव दिवाळीत केली, सगळ्या घाटासमोर. एरवी शाळाशाळांत, घाटाघाटांवर बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते शिकवत हिंडायचा. घरी आला की ताई म्हणायची, "आला पाण्याचा मास्तर!" तो भाच्याला, कुणालला, फरशीवर आडवा पाडायचा, "तू बुडतोयस, गप पड," आणि धुण्याची दोरी फेकायचा. ताई हसत पोळ्या लाटायला जायची. पुढचं कधी ऐकलंच नाही तिनं.

देह दुसऱ्या दिवशी खालच्या घाटाला लागला. अस्थी सोडायच्या दिवशीही पुरामुळे नावा बंदच. चालू होती ती विभागाच्या कामावरची, लल्लनची. ताई कुणालला घेऊन बसली, पण तोंड फिरवून.

"तू का नाही कूदलास रे?"

"मास्टर साहब गंगाजी की कसम खिलाए रहे, दीदी. डूबते पर कूदना नहीं, रस्सी फेंकना. नहीं तो दो जाएँगे."

"आणि देव दिवाळीचा राग?"

"था. बहुत था." लल्लननं मान खाली घातली. "पर रस्सी तो फेंके न, दीदी."

ताईला पटलं नाही. राग होता म्हणतो स्वतःच्या तोंडानं!

अस्थी सोडल्या. परत फिरताना घाटावर आंघोळ करणारा एक जण घसरला, गटांगळ्या खायला लागला. कुणाल ताडकन उठला, एक पाय नावेच्या काठावर. ताईनं मागून त्याची कॉलर अशी धरली की शर्ट टरकला.

"बस खाली!"

लल्लनचा कॅन तोवर पाण्यात पडला होता. त्या माणसानं तो पोटाशी धरला.

ताईच्या मुठीत अजून कुणालची कॉलर होती. तिनं ती सोडली. लल्लनच्या मागे दोराचं टोक पडलं होतं. ते धरून ती ओढायला लागली.