कॅथीड्रलमध्ये झेललेली ओळ

सांबऱ्याच्या विमानतळाच्या भिंतीला लागून आमचं शेत. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, जन्मभर विमानं खालूनच पाहिली. मी इंग्लंडला निघाले त्या दिवशीही ते बांधावरूनच हात करणार होते. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, दटावलं म्हणून धुतलेला सदरा घालून दारापर्यंत आले. जपून जा, जेवत जा, असलं काही नाही. म्हणाले, "माणसं गायला लागली की गप बसू नगंस गं. मागनं ओळ झेलायची."

गावाकडच्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे बाहेर पडलेले कदाचित विसरले असतील. देवळातल्या भजनात आप्पा पुढे बसून ओळ म्हणत आणि थांबत. ती मागच्यांनी उचलायची. कुणी उचलली नाही तर ओळ पडली, आणि ओळ पाडणं म्हणजे जेवणाऱ्याला ताटावरून उठवण्याइतकं वाईट.

आता मी इंग्लंडातल्या एका जुन्या गावात नर्स आहे. इथे बसमध्ये कुणी गुणगुणतसुद्धा नाही. मीही गप राहायला शिकले. गेल्या पावसाळ्यात आप्पांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मला रजा मिळाली नाही. खरं सांगू, मी त्यासाठी भांडलेही नाही. त्या आवाजाशिवायचं घर बघायची माझी छाती नव्हती.

"आप्पा देवळाकडं जायनात गं," आक्का फोनवर सांगायची. "बोलवायला गेलं की पाटीवर लिवत्यात, मुका माणूस भजनात कशाला? टाळ खुंटीला अडकवून ठेवल्यात."

नाताळात माझ्या वॉर्डातली नर्स मार्गारेट मला कॅथीड्रलमध्ये घेऊन गेली. मध्ययुगातलं संगीत होतं. लहानपणी शहरात कॅम्पातल्या चर्चमध्ये आम्ही गव्हाणीतला बाळ येशू बघायला जायचो, तेवढीच माझी ओळख. चार वाजताच बाहेर अंधारलं होतं. आत कोट घातलेली माणसं, दगडाचा गारवा, वितळत्या मेणाचा वास. गाणारे मागून मेणबत्त्या घेऊन आले. त्यांनी खालचा एकच सूर धरला, आमच्या देवळातल्या वीणेसारखा, आणि त्यांच्यातला एक म्हातारा त्यावर गाऊ लागला. भाषा लॅटिन, मला ओ की ठो कळत नव्हतं. पण खांब कुठे संपतात ते दिसेना, आणि मी कुठे बसलेय तेही हळूहळू कळेनासं झालं. कधीतरी समोर आप्पांची पाठ आली, धुतलेल्या सदऱ्यातली.

म्हाताऱ्यानं ओळ संपवली. थांबला.

आणि मी ती झेलली. चांगली मोठ्यानं, सांबऱ्याच्या गळ्यानं. पुढच्या तीन रांगा वळून बघू लागल्या तेव्हा मी जागी झाले. कान तापले. मार्गारेटनं माझा हात घट्ट धरला आणि बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण अगदी मागे बसू."

मी हसता हसता रडले. किती महिन्यांनी गायले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार, आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसलेले. मी ती ओळ गायले, नुसत्या 'आ'कारात, आणि थांबले. आप्पा बघत राहिले. मला वाटलं, पडली. मग त्यांनी आक्काला खुंटीकडे बोट दाखवलं. तिनं टाळ हातात दिले. त्यांनी डोळे मिटून एकदा वाजवले, मग पुन्हा, आणि ठेका धरला. मी ओळ पुन्हा म्हटली.

नंतर आक्काचा निरोप आला, "टाळ घिऊन देवळाकडं गेल्यात. चहा बी घेतला न्हाय."

चैत्रातलं तिकीट काढलंय. शेत, भिंत, सोपा सगळं असेल तिथं. पण घर विचाराल, तर ते मला सापडलंय. मी ओळ म्हणून थांबते आणि पलीकडून कुणीतरी ती पडू देत नाही.