सुरंगीखालची माती

मोरचूद आणि चुना कालवून पिंप परसात तयार ठेवलंय. ऊन उतरलं की सुरंगीच्या बुंध्याभोवती सगळं ओतायचं. तोवर जरा पाठ टेकतो. ओटीवरच्या खाटेवर डोळे जड होतात, आणि पंख्याच्या घरघरीतून कुणीतरी विचारतं, "अहो, किती ओतणार?"

हेमलता. माझी बायको. कृषी महाविद्यालयात माती शिकवायची. गेल्या श्रावणात लेप्टोच्या तापाने गेली, म्हणजे मातीतल्याच जंतूने नेली. खाटेच्या कडेला बसलीय, पदर खोचून, अनवाणी.

"पिंपभर," मी म्हणतो. "एक जंतू शिल्लक ठेवणार नाही."

"तो जंतू उंदरांनी आणलेला. सुरंगीखालच्या मातीने काय घोडं मारलंय तुमचं?"

"सगळे एकाच माळेचे मणी! मरू देत."

ती हसते. माझं डोकं फिरतं. मेल्यावरसुद्धा ही बाई मलाच शिकवणार.

"आणि तू रुजवलेली रोपं? त्याच झाडाखाली एकेक मान टाकतायत. एवढंच मागे ठेवून गेलीस, तेही जगत नाही."

आता आम्ही इस्पितळात आहोत. तोच वॉर्ड. पण खाली फरशी नाही, पाचोळा आहे, आणि खाटांवर सुरंगीची रोपं निजलीत, सलाइन लावलेली. ती एकाच्या मुळाशी बोट खुपसते.

"आईखाली ही जगायची नाहीत हो. सुरंगीच्याच मुळांवर जगणारी बुरशी तिथे वर्षानुवर्षं पोसलीय. मोठ्या झाडाला ती झेपते, कोवळ्याला नाही. फणसाच्या रोपाचं मात्र ती काही बिघडवत नाही. तिथे फणसाचं रोप कसं तरारलंय, बघितलंत ना?"

"मग त्या बुरशीलाच मारतो."

"मारा. मग उद्या सुरंगीच सगळं परस बळकावेल, फणसाला जागा उरायची नाही. ती बुरशी आहे म्हणून दोघं शेजारी नांदतायत. रोपं पलीकडच्या मोठ्या फणसाखाली हलवा."

"पावसात गमबूट घाल म्हणून घसा फोडला होता मी! ऐकलंस?"

सलाइनचे थेंब थांबतात.

"नाही ऐकलं," ती म्हणते. "पायांना माती लागल्याशिवाय मला करमायचंच नाही."

"आणि मला कसं करमतंय, विचारलंस कधी? एकट्याचा चहा टाकतो मी रोज. तुझ्या मातीचा मला राग येतो, आणि तुझाही!"

ती माझ्या मुठीत गार, ओली माती ठेवते.

"वास घ्या."

मी घेत नाही. होती नव्हती तेवढी ताकद लावून ती माती तिच्यावर भिरकावतो.

जागा होतो. ऊन उतरलंय. समोरच्या भिंतीवर, तिच्या फोटोच्या जरा खाली, ओल्या मातीचा लपका बसलाय. त्याचा ओघळ अजून खाली सरकतोय. माझी बोटं चिखलाने भरलेली.

भिंत पुसायला फडका घेतो, आणि तसाच ठेवून देतो. राग गेलेला नाही. पिंपावर झाकण टाकतो, वर दगड ठेवतो. खुरपं घेतो. गमबूट मात्र घालतो, तिला दिसतील असे, फोटोसमोर उभा राहून. मग रोपं काढायला सुरंगीखाली जातो. फणसाखाली ती जगली नाहीत, तर पुन्हा भांडायला बोलावणार आहे तिला.