शेवटच्या वर्षी एकच

लेक कॉलेजचा फॉर्म भरत होती. “आई, मेजर केमिस्ट्री घेते आणि मायनर बॉटनी. मायनरला तास कमी असतात, पण विषय सुटत नाही.”

आमच्या वेळी विषय सुटायचेच. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी तीन, शेवटच्या वर्षी एकच. नोकरी लागेल म्हणून मी केमिस्ट्री ठेवली, बॉटनी सोडली. वहीत दाबून वाळवलेली पानंसुद्धा मैत्रिणीला देऊन टाकली. नोकरी लागली, तक्रार कसली करायची?

“तुला मायनर असतं तर काय घेतलं असतंस गं?”

अळूवड्यांसाठी पानांच्या शिरा काढायला बसले होते मी. उत्तरासाठी मान वर केली, तर ती माझ्या हातातल्या उलट्या पानाकडे बघत होती.

“आई, अर्धा तास झाला. एकाही पानाची शीर काढली नाहीस तू.”