ती चूक साहेबांची नव्हती

वाघमारे साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या बाजारात बंदोबस्ताला होते. त्यांचा मुलगा एवढंच बोलला, "मॅडम, बाबा गेले. सकाळी चहा घेत होते." मी जीपमध्ये बसले. साहेबांच्या गावापर्यंत, बेंबळीपर्यंत, रडू आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट... आज ती तिथं येऊ नये.

त्यांच्या दारात बुद्धवंदना सुरू झाली, सगळ्यांनी हात जोडले, आणि मी बायकांच्या घोळक्यातला एकेक चेहरा तपासत होते. जिल्ह्यातले निम्मे पोलिस जमलेले. पोलिसांना कोण भेटतं यावर नजर ठेवणारेही अशा गर्दीत असतात. ती आली नव्हती. मग कुठं मला पहिला हुंदका फुटला.

ती कोण, हे आजही सांगता येणार नाही. पुढं लिहिताना मी गाव बदललं आहे, तिचं काम बदललं आहे. ती बाई होती हेसुद्धा खरंच असेल असं धरू नका.

बातमीदार सांभाळणाऱ्या पोलिसांना तयार करणं, हे साहेबांचं काम. मुख्यालयात जुन्या रेकॉर्डशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ते आमचा वर्ग घेत. 'खबऱ्या' हा शब्द त्यांना खपत नसे. "बातमीदार म्हना. त्येला घर हाय, लेकरं हायती." एकाला बातमीदार बनवून दुसऱ्याला त्याच्याशी बोलायला लावत आणि मग विचारत, "ह्येला भ्या कशाचं हाय?" तो काय बोलला ते सगळे घडाघडा सांगायचे. भीती कुणालाच दिसलेली नसायची. मलाही नाही.

मी नवी उपनिरीक्षक, हायवेवरच्या ठाण्यात. नळदुर्ग म्हणू आपण. चालत्या ट्रकची ताडपत्री फाडून माल उतरवणारी एक टोळी होती, आणि एका ढाब्याचा मालक त्यांना सामील होता. त्या ढाब्यावर भाकऱ्या करणारी बाई माझी बातमीदार झाली. तिच्या बातमीवर आम्ही भरदुपारी छापा घातला. माल सापडला, मालकासह दोघं धरले, तिघं पळाले. माझी पहिली मोठी कारवाई! मी हौसेनं प्रेसनोट लिहिली: 'दर मंगळवारी दुपारी मागील दाराने माल सरपणाच्या खोलीत ठेवला जातो, अशी खात्रीलायक बातमी गुप्त बातमीदारामार्फत मिळाल्यावरून...' आणि पत्रकारांच्या ग्रुपवर टाकली.

अर्ध्या तासात साहेबांचा फोन. आवाज अगदी खालचा. "शिंदेबाई, त्या मागच्या दाराशी दुपारी कोन कोन बसतं?"

"एकच बाई, साहेब."

ते म्हणाले, "म्या निघालो."

मला वाटलं, तिला ताबडतोब दुसरीकडं हलवतील. ते म्हणाले, "आज हलवली की पळालेल्या तिघांना उत्तर मिळालं." मी सुचवलं, बातमी वेटरनं दिली अशी कुजबुज सोडू. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की ती नजर अजून अंगावर येते. "तेबी कुनाचं तरी लेकरूच हाय की." त्यांनी ढाब्यावरच्या सगळ्यांना चौकशीला बोलावलं. बाकीच्यांना दुपारी सोडलं. पोलिसांचा तिच्यावरच संशय आहे असं दिसावं म्हणून तिला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं, गावच्या लोकांसमोर तिच्यावर ओरडले. ती खाली मान घालून रडत होती. त्यातलं किती खरं होतं, मला कळलं नाही.

मग तिघं सापडेपर्यंतचे अकरा दिवस. मालकाच्या घरच्यांनी ढाबा चालू ठेवला होता. मी रोज साडी नेसून एसटीनं त्या ढाब्यावरून जायची, खिडकीतून ती चुलीशी दिसते का बघायची. सातव्या दिवशी ती दिसली नाही. मी गाडीतूनच फोन लावला. "साहेब, ती दिसंना. मी उतरू का?"

"उतरू नका! तुमी उतरलात की संपलं. बसून ऱ्हावा. म्या बघतो."

सोलापूर आलं, मी स्टँडवर तशीच बसून राहिले. दोन तासांनी साहेब म्हणाले, "ताप आलाय तिला. घरीच हाय."

तिघं पकडले गेले. काही महिन्यांनी तिनं ढाबा सोडला, लांब लेकीकडं राहायला गेली, आजही ठीक आहे. साहेबांनी मला तिच्याकडं पुन्हा कधी बातमी मागू दिली नाही. "तिनं लई दिलं. आता इसरा तिला." मी विसरले, पण घाबरायची थांबले नाही.

माझ्यावर कारवाई होईल म्हणून मी वाट बघत होते. पुढच्या वर्गात साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या हातनं एकदा एक प्रेसनोट गेली..." सगळं सांगितलं, ठाण्याचं नाव वगळून. शेवटच्या बाकावर माझे कान तापले होते. नंतर मी म्हटलं, "साहेब, चूक माझी होती."

"तुमचं नाव घेतलं की लोक सरळ तुमच्या ठान्याला पोचतील, तितनं तिच्यापर्यंत. म्या जिल्हाभर नोकरी केली. माझं नाव घिऊन कुठं जातील?"

निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्गात त्यांनी ती चूक स्वतःची म्हणून सांगितली. नवी पोरं एकमेकांकडं बघायची, एवढा मोठा माणूस आणि असं कसं केलं... साहेब ऐकून घ्यायचे.

आता तो वर्ग माझ्याकडं आला आहे. मधल्या वर्षांत माझ्याही इतक्या बदल्या झाल्या की माझ्या नावावरून आता कुणी कुठं पोचणार नाही. म्हणून गेल्या आठवड्यात त्या पत्र्याच्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, "माझ्या हातून एकदा एक प्रेसनोट गेली."

पुढच्या बाकावरचे एक जुने हवालदार अवघडून उठले. "मॅडम, ही गोष्ट आमी वाघमारे साहेबांच्या तोंडनं ऐकलीय. मान्साला जाऊन महिना झाला न्हाय... त्येंची चूक तुमी कशाला अंगावर घेता?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी आदरानं मान हलवली आणि खाली बसले. वर्गात एकाचाही माझ्यावर विश्वास बसलेला नव्हता.