अर्ध्या क्लचचं पाप

गाडी आपण होऊन कधी बिघडत नाही, ती माणूस बिघडवतो, आणि तोही डाव्या पायाने बिघडवतो, यावर आमच्या दाजींची जेवढी श्रद्धा आहे तेवढी मी कुणाची शिर्डीच्या बाबांवरही पाहिलेली नाही. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. साडूला कुणी दाजी म्हणत नाही हे मला कळतं, जन्मभर मास्तरकी केली आहे मी. पण बायको म्हणत आली आणि माझ्याही तोंडात तेच बसलं. ते मला गुरुजी म्हणतात. ते बेलापूरला, मी श्रीरामपूरला, मध्ये सायकलीचं अंतर. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांनी फिटर म्हणून सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर अंगणातल्या लिंबाखाली तेच काम चालू ठेवलं. फरक एवढाच की कारखान्यात साहेब त्यांच्यावर ओरडायचा आणि लिंबाखाली ते गिऱ्हाइकांवर ओरडायला लागले.

या माणसाला स्वतःला गाडी चालवता येत नाही. थट्टा नाही, खरंच येत नाही. इंजिनाचा सांगाडा डोळे मिटून सोडतील, परत बसवतील, पण चाकामागे बसायचं म्हटलं की अंगात कापरं. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टरला सगळे रोग झालेच पायजेत का?" दुरुस्तीनंतर गाडी फिरवून बघायची तर मालकानेच चालवायची आणि दाजींनी शेजारी बसायचं, अशी त्यांची रीत. आणि ते रस्त्याकडे बघायचे नाहीत, चालवणाऱ्याच्या डाव्या पायाकडे बघायचे. पाय क्लचवर विसावलेला दिसला की संपलं. भर रस्त्यात गाडी थांबवायला लावून ते उतरत आणि पायी घरी येत. "अर्धा क्लच म्हंजे पाप हाय," असं म्हणत. "धरायचं तर धरा, सोडायचं तर सोडा. मधे लोंबकळायचं न्हाई." आपण बोलतोय ते गाडीबद्दल की संसाराबद्दल, हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही.

पायाचा हा छंद पुढे फारच वाढला. घरी आलेल्या माणसाची चप्पल ते उंबऱ्याशी उलटी करून बघत. डाव्या चपलेचा पुढचा तळवा जास्त झिजलेला असला की तो इसम त्यांच्या मनातून उतरला. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा आत कांदेपोहे चालू असताना हा गृहस्थ बाहेर नवऱ्या मुलाचा बूट हातात घेऊन उभा. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण क्लचवर पाय ठेवून बसणारा आहे, चटकन ठरवणार नाही. मी मनावर घेतलं नाही. जावई सोन्यासारखा निघाला, पण आजही हॉटेलात चहा सांगायचा की कॉफी यावर त्याचे पाव तास जातात, आणि तेवढा वेळ माझी मुलगी माझ्याकडे बघत बसते.

त्यांच्या कामाला सोवळं होतं. अक्कांचं जुनं धुतलेलं लुगडं अंगणात पसरायचं आणि सोडलेला प्रत्येक बोल्ट त्यावर ओळीने मांडायचा. लुगडं कुणी ओलांडायचं नाही, मांजराने सुद्धा. उजेडाला बॅटरी धरायला अक्का. नोकरीतले रविवार धरून चाळीस वर्षं त्या माउलीने गाडीखाली बॅटरी धरली. शाळा चौथीपर्यंत, पण कुठला बोल्ट कुठे बसतो हे त्यांना तोंडपाठ. गाडी पुरी बसली आणि दाजी हात पुसायला लागले की लुगड्याकडे बघून अक्का हळूच म्हणायच्या, "अवो, ह्यो एक ऱ्हायलाय." मग पुन्हा सगळं सोडायचं. दाजी कुरकुरत सोडायचे, पण अक्कांनी 'झालं' म्हटल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर गेलेली मला आठवत नाही.

त्याच अक्कांच्या मणक्यात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी सहा आठवडे लाइट घ्यायला सांगितली. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे लाइट घेणंच म्हणतात. सोमवार ते शनिवार रोज जायचं, मध्ये खाडा करायचा नाही, खाडा झाला तर घेतलेलं वाया जाईल, असं त्यांनी बजावलं. एसटीत त्यांना बसवेना, भाड्याची जीप एकदा केली तर दोन दिवस त्या कुशीवर वळू शकल्या नाहीत. म्हणून माझी गाडी. माझी ती चौकोनी पांढरी गाडी तेव्हाच वीस वर्षांची होती. मागच्या सीटवर गादी घालून अक्का आडव्या, त्यांचं डोकं माझ्या बायकोच्या मांडीवर, पुढे मी आणि दाजी.

नगरचा रस्ता कसा आहे ते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यात गळिताचा हंगाम, पुढे उसाचे दोन-दोन ट्रेलर. खड्डा आला, गाडी गिअरमध्ये अडखळली की गचका बसायचा आणि मागून अक्कांचं कण्हणं ऐकू यायचं. मोठ्याने नाही, ओठ दाबून. दोन दिवसांत मी शोध लावला की क्लच अर्धा दाबून ठेवला, इंजिन थोडं जास्त फिरू दिलं, तर गाडी गचका न देता तरंगल्यासारखी जाते. बस्स. त्यानंतर बेलापूर ते नगर आणि नगर ते बेलापूर, माझा डावा पाय क्लचवरून उठलाच नाही.

आता कुणीही विचारील की शेजारी साक्षात दाजी बसलेले असताना हे चाललं कसं? त्याचं उत्तर असं की तेवढे दिवस त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलंच नाही. गाडीत बसले की ते पाठमोरे वळायचे, सीटच्या पाठीला छाती लावायची आणि नगर येईपर्यंत अक्कांच्या तोंडाकडे बघत राहायचे. इंजिनाचा आवाज बदलला तर झोपेतून उठणारा माणूस, पण तेव्हा त्यांचे कान फक्त मागच्या सीटवर होते.

चौथ्या आठवड्यात क्लच घसरायला लागला. आधी मला कळलं. ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन नुसतं बोंबलायचं, वेग मात्र वाढायचा नाही. जळका वास यायचा. दाजींना सांगायची माझी छाती झाली नाही. काय सांगणार, की तुम्ही जन्मभर ज्याला पाप म्हणालात ते मी रोज तुमच्या शेजारी बसून करतोय? मी म्हटलं, दोन आठवडे तर राहिलेत, निघतील. शहाणपण बघा मास्तरांचं. शनिवारी येताना राहुरीच्या अलीकडे मुळा नदीच्या पुलाच्या चढाला गाडीने मान टाकली. इंजिन गर्जतंय आणि गाडी मुंगीच्या पावलाने. मागून आलेली उसाची बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली, आणि त्या गाडीवानाने आमच्याकडे बघून टोपी सारखी केली. तेव्हा कुठे दाजींनी पुढे तोंड फिरवलं. नाकाने एकदा वास घेतला. रडतखडत घर गाठलं.

मध्ये फक्त रविवार होता. सोमवारी सकाळी गाडी निघालीच पाहिजे होती.

रविवारी उजाडताच दाजींनी मला गाडीत बसवलं. आधी केबल तपासली, ती ठीक होती. मग हॅण्डब्रेक ओढायला सांगितला, चौथा गिअर टाकायला सांगितला आणि क्लच हळूहळू सोडायला. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथेच गचकन बंद पडतं. मी पाय पूर्ण उचलला तरी इंजिन आपलं घुमतच राहिलं. त्यांनी मान हलवली. क्लचच्या प्लेटवर तेल उतरलं असेल, असं ते म्हणाले. कुठूनतरी तेल पाझरून प्लेटवर आलं असेल, म्हणजे कुणाच्याच पायाचा दोष नाही. मला वाटतं, तसं निघावं अशी त्यांची इच्छा होती.

लुगडं पसरलं. अक्कांची खाट ओसरीवर आणून ठेवली होती, म्हणून बॅटरी माझ्या हातात आली. गाडीखालून दाजी दोनदा म्हणाले, "जरा हिकडं धर गं," आणि दोन्ही वेळा मी मुकाट्याने बॅटरी इकडे धरली. दोरी आणि फळी लावून आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला. दाजींनी प्लेट काढून उजेडात धरली. तेलाचा थेंब नव्हता. प्लेट जळून काळी, झिजून कागद झालेली, रिव्हेट वर आलेले. त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो.

"गुरुजी, तुमी तर पाय ठेवणारं न्हवतासा."

मी खरं ते सांगितलं. गचका बसला की अक्का कण्हतात, ते मला ऐकवत नाही, म्हणून रोज जाता-येता क्लच अर्धा धरून चालवतो. चुकलं माझं.

त्यांनी प्लेट लुगड्यावर ठेवली. मग ओसरीकडे पाठ करून, अक्कांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "गचका बसत न्हाई ना तिला?"

"नाही."

"मंग असंच चालवा. प्लेटा मी घालीन."

त्यांनी डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले आणि श्रीरामपूरच्या ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवायला मला पिटाळलं. दुपारपर्यंत नवी प्लेट बसली. संध्याकाळी गिअरबॉक्स वर गेला. हात पुसताना दाजी लुगड्याकडे न बघता खाटेकडे बघत थांबले. अक्कांनी उशीवरूनच मान वळवून लुगडं नजरेने चाचपलं आणि म्हणाल्या, "झालं." सोमवारी आम्ही वेळेवर निघालो. एकही खाडा झाला नाही.

सहा आठवडे पुरे झाले, अक्का काठी घेऊन अंगणात फिरायला लागल्या. आम्ही सगळे हुरळून गेलो. पण दुखणं तेवढ्यावर थांबणारं नव्हतं. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्या गेल्या.

त्यानंतर गाडी नगरला गेलीच नाही. बाजारहाट, लग्नकार्य, एवढंच, आणि पाय माझा पूर्वीसारखा सुधारला. दाजींचं ओरडणं पार कमी झालं, उंबऱ्यावरच्या चपला जिथल्या तिथे राहायला लागल्या. या वर्षी गिअरबॉक्स आवाज करायला लागला म्हणून मी गाडी लिंबाखाली नेली. बेअरिंग गेलं होतं. ते बदलताना क्लचप्लेट सहज हातात आली. तीन वर्षांची प्लेट, पण त्या दोन आठवड्यांचा काळा डाग सोडला तर जाडजूड, कालच बसवल्यासारखी. दाजींच्या शास्त्राप्रमाणे चालवणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ही झिजायला पायजे हुती, गुरुजी," ते म्हणाले.

मी बॅटरी धरून उभा राहिलो.

गाडी बसवून झाल्यावर लुगड्यावर एकही बोल्ट उरला नव्हता, तरी ते जरा वेळ तिथेच थांबले. मग रीतीप्रमाणे शेजारी बसले आणि आम्ही बेलापूरच्या वेशीपर्यंत चक्कर मारायला निघालो. थोडं पुढे गेल्यावर बघतो तर दाजी सवयीने पाठमोरे वळलेले, सीटच्या पाठीला छाती लावून रिकाम्या मागच्या सीटकडे बघत बसलेले. पुढे रस्त्याला खड्डा होता. माझा डावा पाय आपोआप क्लचवर गेला आणि अर्ध्यावर थांबला. इंजिनाचा आवाज चढला. गाडी गचका न देता खड्ड्यावरून अलगद गेली. दाजींना ते ऐकू गेलं असणारच. पण गाडी थांबवायला त्यांनी सांगितलं नाही.