करवतीचा सरळ सूर

आबांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस अंगणातच थबकायचा आणि विचारायचा, आत कोण बाई गातायत? आत बाई म्हणजे एकटी माई, आबांची बायको, आणि ती तर आरतीलाही नुसते ओठ हलवायची. गात असायची ती आबांची करवत. लाकूड कापायची, दात असलेली, बाजारात मिळते तीच.

आबा मांडवीतले आमचे शेजारी. उभा जन्म बोटीवर सुतारकामात गेला. तिथं कुणा परदेशी खलाशाला करवत वाजवताना पाहिलं आणि ते वेड घेऊनच ते रत्नागिरीला परतले. स्टुलावर बसायचं, करवतीची मूठ दोन गुडघ्यांत दाबायची, टोक डाव्या हातानं वाकवायचं आणि बिनदाती कडेवर सारंगीसारखा गज फिरवायचा. गजाचे केस टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचे, आबांनी स्वतः मागून आणलेले. घोड्याला विचारलंत का, असं मी छेडलं की म्हणायचे, "विचारलं गो. लाथ मारली नाही, म्हणजे हो."

एकदा समोरच्या भाऊंनी ही करवत नेऊन फणसाची फांदी कापली. पात्यावर चीक बसला. आबा दुपारभर खोबरेल लावून तो पुसत होते आणि भाऊंना जे काही बोलायचं ते करवतीशी बोलत होते. तेव्हापासून घरात दोन करवती झाल्या आणि वाजवायची करवत देवघराशेजारच्या खुंटीवर गेली.

करवतीच्या सुराला लहर आणायची तर डावा गुडघा हलवावा लागतो. पण लहरीची आबांना घाई नसे. "आधी सूर सरळ उभा राहायला हवा, मग हलवायचा. उभाच नाही, तर हलवणार काय?" असं ते म्हणत. मात्र गुडघ्याला ती सवयच लागली. जेवताना, पेपर वाचताना, पडवीत नुसते बसले तरी पाय आपला हलतोय. माईला ते बघवत नसे. बसल्या जागी पाय हलवला की लक्ष्मी घर सोडते, हे तिचं ठाम मत होतं आणि ती दिवसातून कितीदा तरी आबांना दटावायची. आबा हसून पाय थांबवायचे.

आळीत पहिला टीव्ही आला, त्या वर्षी तो पाय थांबेनासा झाला. आम्हाला वाटायचं, आबा मनातल्या मनात वाजवतायत. मग एकदा त्यांच्या मांडीवरची पेजेची वाटी सांडली आणि डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे, बऱ्याच दिवसांपासूनचा असणार. त्या संध्याकाळी माई आमच्या मागच्या दारी येऊन बसली. म्हणाली, "मी दटावत राहिले गो. आणि पाय ते हलवत नव्हतेच."

आबांचा एक नेम होता. विसर्जनाच्या दिवशी घरचा गणपती हलवण्याआधी ते करवतीवर भैरवी वाजवत. सगळी आळी त्यासाठी जमे. त्या वर्षी वाजवणार का, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. ते स्वतःच स्टुलावर येऊन बसले. गज फिरला आणि सूर निघाला तो थरथरतच. परत फिरवला, परत तेच. गुडघ्यांत धरलेली मूठच हलत होती, सूर उभा कशावर राहणार? भजनी मंडळी जमिनीकडे बघत बसली. आबांनी गज मांडीवर ठेवला आणि उत्तरपूजा आटपून घ्या म्हणाले.

माई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले, सगळ्या पुरुषमंडळींच्या देखत आबांच्या पुढ्यात खाली बसली आणि त्यांचा डावा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. "वाजवा," म्हणाली.

सूर सरळ उभा राहिला. अख्खी भैरवी आबांनी तशीच वाजवली, एकही लहर न घेता. जोर लावून माईच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. तिनं मान वर केली नाही. मला रडू आवरलं नाही आणि मी ते आवरायला गेलेही नाही.

पुढचा गणपती यायच्या आत आबा गेले. करवत खुंटीवरच राहिली. दर शनिवारी माई तिला तेलाचा हात फिरवायची.

त्यानंतर कधीतरी मी तिच्या पडवीत बसून बोलत होते आणि बोलता बोलता माझा पाय हलायला लागला. माईकडे बघून मी चपापून थांबवला.

"राहू दे गो," माई म्हणाली. "हलू दे."